न तापवलेलं दूध

"घरात म्हैस आहे का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. अडीच महिने ताप अंगात. कमरेत अशी कळ की खाटेवरून पाय खाली टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. सिंगापूरचं विमान दीड महिन्यावर आलेलं, आणि या विचारतायत म्हैस. मी म्हणालो, आहे की. तर लगेच पुढचा प्रश्न, तिनं कधी गाभ टाकलाय का?

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणजे माझे वडील. सरकी-पेंडीचं दुकान असल्यामुळं सोलापुरातल्या निम्म्या म्हशींची खबर त्यांना असते. ते मान खाली घालून म्हणाले, "दोनदा."

बाईंनी लिहायचं थांबवलं. "आणि हा दूध कसं पितो? तापवून?"

अप्पांनी मान आणखी खाली घातली. तापवून दूध पिणं हे आमच्या घरात दुबळ्या माणसाचं लक्षण मानलं जायचं, हे त्या बाईंना कसं सांगणार?

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. मी चालतो, सायकल मारतो, कामावर जातो. कुणी विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हणून सांगून मोकळा व्हायचो. पण गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या तालमीत एक पोरगा म्हशीखाली ग्लास धरून बसलेला दिसला आणि माझं डोकं सुन्न झालं. तिथंच ठरवलं, लिहायचं. लाजेच्या गोष्टींसकट लिहायचं.

सात जणांचा खेळ

मी मूळचा कबड्डीवाला. पुण्यात कारखान्यात लागलो आणि कारखान्याच्या संघातून खेळायला लागलो. एका सामन्यानंतर लष्करातून निवृत्त झालेले एक कॅप्टनसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, तू वाकतोस, हुलकावणी देतोस, पकडीतून निसटतोस. हेच बगलेत चेंडू धरून करशील का?

रग्बी हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, तो घेऊन पुढं पळायचं, पण द्यायचा मात्र मागच्याच गड्याला. अख्खा खेळ पंधरा-पंधरा जणांचा असतो. त्याचा एक आखूड प्रकार आहे, सात-सात जणांचा. मैदान तेवढंच, माणसं निम्मी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. चौदा मिनिटांत माणूस पिळून निघतो. सात गडी म्हटल्यावर मला मात्र घरच्यासारखंच वाटलं. दोन वर्षं रोज पहाटे साहेबांनी आम्हाला पळवलं. मग बातमी आली की सिंगापूरला देशोदेशींच्या संघांची सात-सात जणांची स्पर्धा आहे आणि साहेब तिथं एक संघ नेणार आहेत.

आमच्या घराण्यात विमान कुणी जवळून बघितलेलं नव्हतं. त्या सातांत माझं नाव यावं, यापलीकडे मला तेव्हा काहीही नको होतं.

साहेबांनी पहिल्याच वर्षी घरी पत्र लिहिलं होतं, मुलगा चपळ आहे पण काटकुळा आहे, याला रोज चार अंडी द्या. ते पत्र मीच अव्वाला वाचून दाखवलं. अव्वा म्हणजे आई. आम्ही लिंगायत. अंड्याचं टरफलसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. अव्वानं भाकरी थापायची थांबवून माझ्याकडे असं बघितलं की जणू साहेबांनी घर बाटवायला सांगितलंय. म्हणाली, तुझ्या साहेबाला कळव, आमच्यात दूध असतंय.

पंधरा दिवसांत अप्पांनी मोडनिंबच्या बाजारातून म्हैस आणली. पंढरपुरी, पाठीपर्यंत गेलेली शिंगं, दिसायला देखणी. मी सुट्टीवर आलो की अव्वा धार काढायला बसायची आणि मी तिच्याशेजारी पितळी पेला घेऊन उकिडवा. पहिल्या धारा पेल्यात, फेसासकट, अंगाच्या उबेच्या. "कुडी, कुडी," म्हणायची. पी, पी. तापवलं की कस जातो, असं ती म्हणायची, तिची आई म्हणायची आणि सोलापुरातला प्रत्येक वस्ताद म्हणायचा. माझं पिऊन झालं की चरवीतलं दूध घरात जायचं, अप्पांच्या चहाला, दह्याला. चरवीच्या तळाशी राहिलेलं घोटभर अव्वा तिथंच गोठ्यात उभ्या उभ्या पिऊन टाकायची. सगळ्यांचं झाल्यावर.

म्हशीनं गाभ टाकला तो आमच्याकडे आल्यावर दोनदा. पहिल्यांदा मी पुण्यात होतो. दुसऱ्यांदा घरीच होतो. सातांची निवड तोंडावर म्हणून महिनाभराची रजा काढून अंग भरायला आलो होतो. रेडकू मेलेलं. अव्वानं कोपरापर्यंत हात घालून ओढून काढलं, मागाहून पडणारा जार काढला, हात धुतले आणि चार दिवसांनी म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली तसा माझा पेलाही सुरू झाला. दैव म्हणून आम्ही हळहळलो. दुधाचा आणि त्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पाच वाजता येणारा ताप

तीन आठवड्यांनी ताप आला. सकाळी मी ठणठणीत असायचो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाठीतून शिरशिरी निघायची आणि दिवेलागणीपर्यंत अंगाची भट्टी व्हायची. पहाटे घाम. घाम म्हणजे कपडे पिळावेत इतका, आणि त्याला ओल्या कडब्यासारखा वास. पेठेतल्या डॉक्टरांनी टायफॉइड धरला. त्यांच्यावर माझा राग नाही, सोलापुरात उन्हाळ्यात असा ताप आला की कुणीही टायफॉइडच म्हणेल. गोळ्या दिल्या, पेज द्या म्हणाले, आणि दूध भरपूर द्या म्हणाले.

अव्वानं एकाचे दोन पेले केले.

ताप गेला. मी खूश. आठ-दहा दिवसांनी परत आला. परत गेला, परत आला. मग छातीचा फोटो काढायला सांगितला आणि घरात एक शब्द शिरला, जो कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. क्षय. माझी ताट-वाटी वेगळी झाली. शेजारची माणसं दारातूनच चौकशी करून जायला लागली. फोटो स्वच्छ आला तेव्हा अप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मला रडूही येत नव्हतं, कारण क्षय नाही तर मग आहे काय, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. कंबर तोवर धरली होती.

घरच्या कामाचं निमित्त सांगून मी रजा वाढवत होतो, त्यातच साहेबांचं पत्र आलं. सात नावं, पाचवं माझं. पासपोर्ट तयार आहे, सराव चालू ठेव. मी उलट टपाली लिहिलं, सराव जोरात आहे. खाटेवर पडून लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं. ते पत्र उशाखाली ठेवून झोपायचो आणि सकाळी ते घामानं ओलं झालेलं असायचं.

केमचे तात्या

शेवटी मोठ्या दवाखान्यात भरती केलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर केम गावचे एक तात्या होते. बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, तोंड मात्र मोकळं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून खेळाची सगळी माहिती काढून घेतली आणि निकाल देऊन टाकला, पुढं पळायचं आन चेंडू मागं द्यायचा, असल्या उलट्या खेळापायीच तुला ताप आलाय. सकाळी थर्मामीटर, मग चहा, मग सिस्टरची ओरड, मग तात्यांची टिंगल. त्या दिवसांत मी हसलो असेन तर त्या माणसामुळं.

आता लाजेची गोष्ट. भरती झाल्यावर चौथ्या दिवशी माझी एका बाजूची गोळी सुजली. जांघेत. सुपारीची लिंबाएवढी झाली आणि हात लागला तरी जीव जायचा. वॉर्डाच्या डॉक्टर बाई होत्या, तिशीच्या. त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी सांगितलंच नाही. त्या विचारायच्या, आणखी काही त्रास? मी म्हणायचो, नाही. पाच दिवस असे घालवले. मनातल्या मनात मी लग्न, पोरंबाळं, सगळं संपवून टाकलं होतं.

तात्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मी मोरीकडे जाऊन आलो आणि ते हळू आवाजात म्हणाले, "काय रं, घोड्यावर बसल्यावानी चालतुयास ते? कुटं दुखतंय ते बाईला सांग. आज सांगितलं न्हाईस तर मी वरडून सांगतो बघ."

ते ओरडले असते, मला खात्री होती. बाई आल्यावर मी भिंतीकडे बघत एका दमात सांगून टाकलं. त्यांनी पडदा लावला, तपासलं, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मग अप्पांना आत बोलावलं आणि म्हशीचं विचारलं. त्या शिकत असताना त्यांनी एक धनगर बघितला होता, असाच ताप, अशीच कंबर, अशीच सूज. सगळं एकत्र दिसलं तेव्हा त्यांना तो आठवला. मी पाच दिवस आधी तोंड उघडलं असतं तर पाच दिवस आधी आठवला असता.

रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. तोवर घरचं दूध बंद, असं बाईंनी बजावलं. अप्पांनी अव्वाला एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय. हलकं म्हणजे काय, तर अव्वाच्या लेखी दूधच. ती रोज सकाळी पदराखाली न तापवलेल्या दुधाचा तांब्या घेऊन यायची, आणि म्हशीच्या दुधानं कधी कुणाला काय झालंय असं म्हणून मी तो रिकामा करायचो. आता विचार केला की स्वतःच्या अकलेचं नवल वाटतं.

तूच मला

आठवड्यानं कागद आला. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. बाईंनी समजावून सांगितलं की जनावरांना गाभ टाकायला लावणारा जो रोग आहे, तोच माणसाला असा ताप देतो. न तापवलेल्या दुधातून येतो, मेलेलं वासरू उघड्या हातानं काढलं तर त्यातून येतो. औषध आहे, बरा होशील. सुया आणि कॅप्सूल, सहा आठवडे आणि लागल्या तर आणखी.

मी विचारलं, आणि सिंगापूर?

"कुठलं सिंगापूर?" त्या म्हणाल्या. "कमरेचा सांधा धरलाय तुझा. सहा महिने धावायचं नाव काढायचं नाही."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी छताकडे बघत राहिलो. पंखा फिरत होता. दोन वर्षांच्या पहाटा, साहेबांचं पत्र, पाचवं नाव, सगळं एका वाक्यात गेलं. आणि गेलं कशापायी, तर दुधापायी. मैदानावर हाड मोडलं असतं तर मी सोसलं असतं हो. दूध!

नेमकी त्याच वेळेला अव्वा आली. पदराखालून तांब्या काढला, पेल्यात ओतला आणि पेला पुढं केला. "कुडी."

मी तो हातानं उडवला. भिंतीवर, तात्यांच्या चादरीवर, जमिनीवर दूधच दूध झालं. मी म्हणालो, "तूच मला आजारी पाडलंस. साहेबांचं ऐकून चार अंडी दिली असतीस तर आज मी सातांत असतो. तुझ्या दुधानं माझं वाटोळं केलं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. अव्वाला आधी काही कळलंच नाही. मग अप्पांनी हळू आवाजात कानडीत तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती रडली नाही, भांडली नाही. खाली बसून पदरानं फरशी पुसली. पेला शोधला, तांब्यात घातला. मग खाटेचा दांडा धरून हळूहळू उभी राहिली आणि निघून गेली. दांडा धरून उभी राहिली, हे मी बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं.

तात्यांनी आपली भिजलेली चादर सिस्टरकडून बदलून घेतली. दुपारी म्हणाले, "पोरा, लई वंगाळ बोललास." त्या दिवसानंतर डबा घेऊन अप्पा यायला लागले.

दुसरा कागद

बाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं. म्हशीला माझा कागद आल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी वेगळं बांधायला लावलं होतं, तिचं दूध बंद झालं होतं. अप्पांचं रक्त स्वच्छ निघालं. ते जन्मभर चहावर जगलेले, त्यांच्या पोटात न उकळलेलं दूध कधी गेलंच नव्हतं. अव्वा यायला तयार नव्हती. मला काय झालंय, म्हणायची. तपासणी झाल्याशिवाय पोराला घरी सोडणार नाही, अशी थाप अप्पांनी मारली तेव्हा आली.

तिचा कागद आला त्या दिवशी बाईंनी तो दोनदा वाचला. माझ्या कागदावरच्यापेक्षा तिच्या कागदावरचा रोगाचा आकडा मोठा होता. बराच मोठा.

बाईंनी तिला माझ्या खाटेवर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. ताप येतो का? संध्याकाळी जरा अंग कोमट होतंय, अव्वा म्हणाली. घाम? येतोय की, उन्हाळाच हाय. कंबर? गुडघे? दुखत्यात, वय झालं. बाईंनी वय विचारलं. अव्वा पंचेचाळिशीची होती.

"कधीपासून दुखतंय?"

"म्हैस पहिल्यांदा गाभडली बघा, त्या उन्हाळ्यापासून."

दोन वर्षं. मी मनात मोजलं. दोन वर्षं ती रोज सकाळी अंथरुणाची खोळ धुवायची आणि आम्ही बापलेक तिच्या स्वच्छतेच्या वेडाला हसायचो. घामानं भिजलेली असायची ती खोळ. चुलीपासून उठताना भिंत धरायची, तर अप्पा म्हणायचे, म्हातारी झालीस. मला ताप आला तेव्हा सगळं घर माझ्या खाटेभोवती होतं, आणि माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या बाईच्या अंगात तोच ताप होता. तिच्या हाताचा चटका मला लागायचा. मला वाटायचं, माझंच अंग तापलंय.

अप्पा कसनुसे होऊन म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस."

अव्वानं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई की."



बाक

मला घरी सोडलं, पण माझ्या सुया संपल्या नव्हत्या आणि अव्वाच्या सुरू झाल्या होत्या. रोज सकाळी आम्ही दोघं टांग्यातून सात रस्ता चौकावरून दवाखान्यात जायचो आणि सुईच्या खोलीबाहेर बाकावर बसायचो. जे बोललो होतो ते परत कसं घ्यायचं हे मला येत नव्हतं. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, मागितली तर अव्वाच लाजली असती. पहिले काही दिवस आम्ही नुसतेच शेजारी शेजारी बसलो. मग एक दिवस ती म्हणाली, डाव्या बाजूला टोचली की जास्त दुखतंय, उजवीकडे घेत जा. मी म्हणालो, मला तर उजवीकडेच दुखतंय. तिथून बोलणं सुरू झालं.

हे वाचणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगेन. दूध उकळा, कोण काहीही म्हणो. आणि घरात एकाला ताप आला की बाकीच्यांना, विशेषतः त्याचं करणाऱ्या बाईला, समोर बसवून विचारा, तुझं काय दुखतंय आणि कधीपासून. ती वय झालं म्हणाली तर पुन्हा विचारा.

साहेबांना मी सगळं खरं कळवलं होतं. त्यांनी माझ्या जागी दुसरा गडी घेतला. पुढे कळलं की आमचे लोक दोन्ही सामने सपाटून हरले. पण सामन्याच्या दिवशी हे कुठं माहीत होतं? त्या सकाळी मी बाकावर बसून मनातल्या मनात बूट बांधत होतो. अव्वाला काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं विचारलं, तुझी माणसं आज खेळत्यात व्हय? मी मान हलवली. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, पुढच्या वर्षी जाशील. अंडी खायाची तर पुण्यात खा, मला सांगू नको.

मला हसू आलं आणि डोळे भरूनही आले. तेवढ्यात आतून सिस्टरनं माझं नाव पुकारलं. यादीत माझं नाव आधी होतं, रोजच असायचं. अव्वानं मला कोपरानं ढोसलं, जा, तुझं आधी.

पहिला पेला माझा. तव्यावरची पहिली भाकरी माझी. तिचं घोटभर, तळाचं, सगळ्यांचं झाल्यावर.

"साकु, अव्वा," मी म्हणालो. पुरे. "आता आधी तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. नको म्हणेल असं वाटलं. मग उठायला तिनं सवयीनं भिंतीकडे हात नेला. मी माझा हात पुढं केला. तिनं तो धरला, उठली आणि आत गेली. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलो आणि माझ्या नंबराची वाट बघू लागलो.